खेळाच्या खोलीबाहेर आपले मूल नको

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी आमच्यापाशी थांबल्या. हातात मुलीच्या शाळेची चिठ्ठी होती. पती रिक्षा चालवतात, त्या स्वतः दोन घरी पोळ्याभाजीची कामे करतात. मुलगी सहावीत, एका खाजगी इंग्रजी शाळेत. चिठ्ठीत लिहिले होते की, मुलांची तंदुरुस्ती वाढावी म्हणून शाळा ‘डिजिटल खेळ खोली’ सुरू करीत आहे. मोठ्या पडद्यासमोर उभे राहून मुले नाचतील, उड्या मारतील, हवेत ठोसे मारतील. त्यासाठी वर्षाला अडीच हजार रुपये. सक्ती नाही, ज्यांना हवे त्यांनी भरावे.

“सक्ती नाही म्हणतात, पण पोरगी रडतेय,” त्या म्हणाल्या. “म्हणते, मम्मी, पैसे नाही भरले तर पी. टी. च्या तासाला मला एकटीला वर्गात बसावं लागेल. दादा, तुम्हीच सांगा, व्हिडिओ गेम खेळून कुठं तब्येत सुधारते का? का नुसता पैसे काढायचा धंदा आहे?”

आम्ही म्हणालो, “ताई, आठ दिवस द्या. नीट वाचून, समजून घेऊन सांगतो.” हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना चांगल्या शाळेत घालणाऱ्या आपल्या समाजातील हजारो आई-बापांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर या सदरातून देत आहोत.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, जो तो येऊन आपलेच खरे म्हणतो, आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा? तथागतांनी त्यांना स्वतः तपासून पाहायला सांगितले. शाळा म्हणते म्हणून खरे नाही आणि शेजारी हसतात म्हणून खोटे नाही. आपणही तपासूनच पाहू.

हा खेळ आहे तरी काय?

व्हिडिओ गेम म्हटले की एका जागी बसून अंगठे हलवणारे मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. हे खेळ तसे नाहीत. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ नावाचा खेळ काढला. जमिनीवर एक पट्टी असते, तिच्यावर चार बाण. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पडद्यावर गाणे वाजते आणि बाण सरकत येतात. जो बाण येईल त्यावर तालात पाय पडला पाहिजे. चुकले की गुण गेले. गाणे जलद झाले की पाच मिनिटांत घाम फुटतो.

पुढे २००६ साली निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र आले. हातात दांडी धरून हवेत हात फिरवला की पडद्यावर टेनिस खेळता येते. २०१० साली मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. त्यात हातात काहीच धरावे लागत नाही, यंत्रच आपले अंग पाहते. शाळेच्या चिठ्ठीतली खोली याच जातकुळीची आहे.

कोळशाच्या खाणींच्या राज्यात

हे खेळ शाळेत आणण्याचा सर्वात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. अमेरिका म्हटले की आपल्याला उंच इमारती आणि डॉलर आठवतात. पण हे राज्य डोंगराळ आहे, कोळशाच्या खाणींचे आहे, आणि त्या देशातील गरीब राज्यांत त्याची गणना होते. कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या मुलांमध्ये लठ्ठपणा फार वाढला होता. स्वस्तातले तळलेले, गोड खाणे आणि टीव्हीपुढचे बसणे, ही त्याची ओळखीची कारणे.

तिथे सरकारी नोकरांचा आरोग्य विमा पाहणारी एक सरकारी संस्था आहे. नोकराच्या मुलाला लहान वयात रक्तदाब, मधुमेह जडला तर औषधाचे बिल याच संस्थेला भरावे लागते. तेव्हा आजार होण्याआधीच काही करता येईल का, असा विचार सुरू झाला. राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या, ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना हा नाचाचा खेळ बारा आठवडे नियमाने खेळायला लावला. त्यांचा दम वाढला आणि रक्तवाहिन्यांचे कामही सुधारल्याचे दिसले. आधी काही निवडक शाळांत खेळ दिला, आणि २००६ साली राज्याने जाहीर केले की, आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत हा खेळ पोहोचवायचा.

यातील एक गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. खर्च राज्याने, विमा संस्थांनी आणि काही प्रमाणात कंपनीने उचलला. खेळ ठरला तो राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेसाठी. ‘ज्याला हवे त्याने पैसे भरावे’ अशी चिठ्ठी घरी आली नाही. दुसरी गोष्ट अशी की, जी मुले चेंडूच्या खेळात कधी पुढे येत नाहीत, ज्यांना संघात कोणी घेत नाही, जी जाड म्हणून हसण्यावारी जातात, अशीही मुले या खेळात उतरू लागली. नाचताना कोणी कोणाला हरवत नाही. आपण आपल्या कालच्या गुणांशी खेळतो.

पुढे काय दिसून आले?

इथेच थांबलो तर आम्ही त्या ताईंना ‘पैसे भरा’ असे सांगून मोकळे झालो असतो. पण इतर ठिकाणी जे तपासले गेले तेही पाहिले पाहिजे.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे २००७ साली १३ ते १५ वर्षांच्या मुला-मुलींवर मोजमाप झाले. बसून खेळण्याच्या गेमपेक्षा ‘वी’ वरचे टेनिस, बॉक्सिंग खेळताना शरीराची शक्ती सुमारे दीडपट खर्च होत होती. मात्र खरोखरचे टेनिस, खरोखरचे बॉक्सिंग यांच्यापुढे ती फारच कमी भरली. मुलाला रोज जेवढ्या व्यायामाची गरज असते, त्यात ती धरावी इतकी नव्हती.

अमेरिकेतच ह्यूस्टन शहरात २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी बोलका आहे. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना घरी ‘वी’ यंत्र दिले. काहींना अंग हलवायचे खेळ दिले, काहींना बसून खेळायचे. सगळ्यांच्या कमरेला हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधले. तेरा आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या हालचालीत फरक नाही! एक तर मुले मनापासून खेळत नव्हती, किंवा इथे नाचली म्हणून तिथे बसून राहत होती.

न्यूझीलंडमध्ये ३२२ लठ्ठ मुलांवर सहा महिने पाहणी झाली. २०११ साली तिचा निष्कर्ष आला, फायदा झाला पण अगदी थोडा.

सर्वात मोलाची गोष्ट आम्हाला हॉलंडमधल्या एका छोट्या प्रयोगात सापडली. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. ९ ते १२ वर्षांच्या २७ मुलांना तोच नाचाचा खेळ घरी दिला. त्यातल्या एका गटाला आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून खेळायचा वर्गही होता. दुसऱ्या गटाने घरीच, आपापले खेळायचे. बारा आठवड्यांत घरी एकटी खेळणारी शेकडा ६४ मुले मध्येच गळाली. मिळून खेळणाऱ्यांतली गळाली फक्त शेकडा १५. आणि मिळून खेळणाऱ्यांनी खेळाला दिलेला वेळही एकट्यांच्या दुपटीहून जास्त होता.

यंत्र तेच, गाणी तीच, बाणही तेच. फरक पडला तो सोबतीने. बुद्धाने संघ का उभारला, हे आपल्याला कोणी वेगळे समजवायला नको. एकटा माणूस चांगल्या गोष्टीलाही कंटाळतो. चार जण बरोबर असले की तीच गोष्ट सवय होते. मुलांच्या व्यायामाचेही तसेच आहे.

‘माझं पोर तर बारीक आहे’

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, “हे लठ्ठ पोरांचं झालं. आमच्या पोराच्या बरगड्या दिसतात, त्याला कशाला व्यायाम? त्याला खायला घाला.” खायला घालाच, पण ऐका.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर अनेक वर्षे काम केले आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळे वजनाने लहान, हाडकुळी असतात. पण इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसले की, स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नाही. बाहेरून बारीक, आतून चरबी. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. यूडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात तो दोघांचा सारखाच होता, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर यूडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२ निघाली.

म्हणजे काटा सारखा, पण शरीर वेगळे. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो, त्याचे हे एक कारण. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाने तर हे जास्तच ध्यानात घेतले पाहिजे. मूल बारीक आहे म्हणून ते तंदुरुस्त आहे असे नाही. त्याचे स्नायू, हाडे, दम हे सगळे धावण्यातून, उड्यांतूनच घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी चांगली धाप लागेल अशी हालचाल हवी. हे सारे एकदम व्हायला हवे असे नाही. सकाळी वीस, शाळेत वीस, संध्याकाळी वीस असेही चालते. ओळखायची खूण सोपी. मुलाला खेळताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की हालचाल कामी आली.

मैदान गेले कुठे?

त्या ताईंना आम्ही विचारले, “शाळेला मैदान आहे का?” त्या म्हणाल्या, “आहे की. तिथं शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात.”

बंधू-भगिनींनो, खरे दुखणे हे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असलेच पाहिजे असे लिहिले आहे. ती अट सरकारी शाळेला आहे तशी खाजगी शाळेलाही आहे. मैदानावर गाड्या उभ्या करायच्या आणि मुलांना खोलीत पडद्यासमोर उड्या मारायला पैसे घ्यायचे, हा न्याय नव्हे.

आमचा यंत्राला विरोध नाही. पावसाळ्यात चार महिने मैदानात चिखल असतो, उन्हाळ्यात अंग भाजते. मुलगी मोठी झाली की चारचौघांत धावायला लाजते, घरचेही अडवतात. दम्याचे, जाड, लाजाळू मूल मैदानाच्या कडेलाच राहते. अशा वेळी बंद खोलीतला नाचाचा खेळ उपयोगी पडू शकतो. पण तो मैदानाला जोड म्हणून. मैदानाच्या जागी नव्हे. शिवाय यंत्र आज आहे, उद्या नाही. ज्या ‘किनेक्ट’ चा एवढा गाजावाजा झाला ते मायक्रोसॉफ्टने २०१७ साली बनवणे बंद केले. मैदान मात्र बाद होत नाही.

बाहेर बसलेले मूल

आता त्या मुलीच्या रडण्याकडे येऊ. आमच्या दृष्टीने सर्वात मोठी गोष्ट तीच आहे.

वर्गातली तीस मुले खेळायला खोलीत जातील आणि ज्यांच्या आई-बापांनी पैसे भरले नाहीत अशी पाच-सहा मुले बाहेर बसतील. त्यात २५ टक्क्यांतून प्रवेश मिळालेली मुले असतील, रिक्षावाल्याची असेल, सफाई कामगाराचा असेल. कोणी त्यांना जात विचारणार नाही. पण बाहेर बसणार ती कोणाची मुले, हे सांगायला नको.

बाहेर बसवणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकले. आपले बाळू पालवणकर फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांच्या हातचा चेंडू पुण्याच्या क्लबात सवर्णांना चालत होता, पण चहाच्या सुट्टीत त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत होता. आजचे बाहेर बसणे जातीच्या नावाने नाही, पैशाच्या नावाने आहे. मुलाच्या मनावर उमटणारा वळ मात्र तसाच असतो.

वेस्ट व्हर्जिनियाने एक गोष्ट बरोबर केली. खेळ सर्वांसाठी ठरवला. आपल्या शाळांनी यंत्र तिथून उचलले, पण ही गोष्ट तिथेच ठेवली.

पालकसभेत काय विचारायचे?

भांडायला जाऊ नका. चार-पाच पालक मिळून जा, बायकांनी पुढे व्हा, आणि शांतपणे विचारा.

पी. टी. च्या तासाला हा खेळ असेल तर तो वर्गातल्या सर्व मुलांना का नाही? आठवड्यातून किती वेळ एका मुलाच्या वाट्याला येणार? चाळीस मुलांत दोनच यंत्रे असतील तर बाकीची मुले उभी राहून बघणार काय? सोबत खेळ शिकवणारे शिक्षक असतील की यंत्र लावून निघून जातील? मैदान कधी मोकळे होणार? आणि हे पैसे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केले आहेत का?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्कावर नियम घालणारा २०११ चा कायदा आहे. त्यात खाजगी शाळेची फी ठरवताना या समितीला स्थान दिले आहे. मूल नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. आपल्यातले किती जण त्या बैठकीला जातात? कामाचा खाडा होतो हे आम्ही जाणतो. पण आळीपाळीने एकाने जरी गेले, तरी आवाज पोहोचतो.

आणि आपण काय करायचे?

शाळेचे उत्तर येईपर्यंत मुलांनी बसून राहायचे कारण नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपली मुले-मुली लेझीम खेळतात ते आठवा. ढोलाच्या ठोक्यावर पाय पुढे, पाय मागे, वाकणे, उठणे, वळणे. पडद्यावरच्या बाणांचा खेळ याहून निराळा काय आहे? ताल ऐकायचा आणि पाय टाकायचा. फक्त आपण लेझीम जयंतीपुरती बाहेर काढतो आणि वर्षभर माळ्यावर ठेवतो.

विहाराच्या अंगणात, चाळीच्या मधल्या जागेत आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास लेझीम घ्या. पावसाळ्यात विहाराच्या सभागृहात घ्या. जागा अगदीच लहान असेल तर जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि चार दिशांना चार बाण काढा. मोबाईलवर एखादे भीमगीत लावा. मोठी मुलगी ‘पुढे, मागे, डावा, उजवा’ असे ओरडेल, लहान मुले तालात पाय टाकतील. आधी सावकाश, मग जलद. मोबाईल हातात धरून बसण्याऐवजी कोपऱ्यात ठेवून नाचायचे, एवढाच फरक. दोरीच्या उड्या, लंगडी, लगोरी यांनाही मोठी जागा लागत नाही. बाहेर दिवसाउजेडी जागा मिळाली तर हुतूतू, खो-खो आहेतच.

तीन गोष्टी मात्र पाळा. एक, मुलींना मागे ठेवू नका. संध्याकाळी भांडी घासायला मुलगी आणि खेळायला मुलगा, असे आपल्या घरात असेल तर आधी ते बदला. दोन, जाड मुलाला, हळू पळणाऱ्याला कोणी चिडवणार नाही हे मोठ्यांनी पाहावे. जो पहिल्या दिवशी हसला जातो तो दुसऱ्या दिवशी येत नाही. तीन, मुलाला दम लागून छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, चेहरा पांढरा पडत असेल तर खेळ थांबवा आणि दवाखान्यात दाखवा. पंडुरोग असलेल्या मुलाला आधी औषध आणि पोटभर अन्न, मग व्यायाम.

त्या ताईंना आमचे सांगणे एवढेच. ताई, तुमचा प्रश्न होता की अशा खेळाने तब्येत सुधारते का? सुधारते, थोडी. रोज खेळले तर, सोबतीने खेळले तर, आणि शिकवणारे कोणी असले तर. नुसत्या यंत्राने नाही. पैसे आज भरू नका. आधी तीन-चार पालकांना घेऊन शाळेत जा आणि सर्व मुलांना आत घ्या असे सांगा. सर्वांना घेणार असतील, मैदानही मोकळे करणार असतील आणि समितीने मंजूर केले असेल, तर मग विचार करा.

मुलीला सांगा, तू काही चुकली नाहीस, रडू नकोस. येत्या रविवारी वंदनेनंतर तिला विहाराच्या अंगणात आणा. लेझीम माळ्यावरून काढून, धूळ पुसून ठेवतो आहोत. येताना तिच्या मैत्रिणींनाही घेऊन या.

जय भीम!